पानातली डावी बाजू

तुमच्या घरात दोन ते पाच वयाचे एखादे महाराज किंवा महाराणी असतील, तर आज रात्रीचा मेन्यू मी इथे बसून सांगू शकते. पांढरा भात, पिवळं वरण, वर तूप. नाहीतर दहीभात. नाहीतर तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी. फार तर बटाट्याची भाजी, तीही कोथिंबीर वेचून काढलेली, कारण हिरवा ठिपका दिसला की ताट पुढे सरकवलं जातं. बरोबर?

आणि हे ताट समोर येईपर्यंत साडेआठ वाजलेले असतात. हिंजवडीहून कोथरूड गाठा नाहीतर अंधेरीहून डोंबिवली, लॅपटॉपची बॅग खाली ठेवेपर्यंत आठ होतातच. साडेनऊला मूल झोपायला हवं. म्हणजे सबंध दिवसात तुम्ही आणि ते असे एकत्र असण्याचा जो काही दीड तास हाती लागतो, त्यातला चांगला पाऊण तास जातो कशात? ‘आ कर’, ‘एकच घास’, ‘हा शेवटचा, प्रॉमिस’, आणि प्रॉमिस मोडून त्याच्यानंतरचा घास. मुलाच्या डोळ्यांत पाणी, आईच्या आवाजाला धार, बाबा फोनमध्ये तोंड खुपसून. मला विचाराल तर पालकातल्या लोहापेक्षा हा पाऊण तास महाग आहे. लोहाची सोय दुसरीकडूनही करता येते.

आधी थोडं गणित करू. जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या घरात जातं. तिप्पट! हाच वेग पुढच्या वर्षी राहिला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला केक कापायला सत्तावीस किलोचं मूल उभं राहिलं असतं. तसं होत नाही. दुसऱ्या वर्षात वजन वाढतं दोन-अडीच किलो आणि त्यापुढे वर्षाला जेमतेम दोन. गाडीचा वेगच उतरला, तर पेट्रोलही कमी लागणार की नाही? पण आपल्या डोळ्यांसमोर ते अकराव्या महिन्यातलं गपागप खाणारं बाळ असतं, आणि ‘हल्ली काही खातच नाही’ हा धोशा सुरू होतो. भाजीचा अंदाज हवाच असेल तर एक ढोबळ हिशेब सांगतात: वयाच्या दर वर्षामागे एक टेबलस्पून. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे. आपण वाढतो वाटीभर, आणि मग उरलेल्या वाटीकडे बघून रडकुंडीला येतो.

भूक उतरते त्याच सुमाराला भीती येते. दीड वर्षाचं होईपर्यंत शेपूसुद्धा हसत खाणारं मूल अचानक ओळखीच्या चार गोष्टींवर येऊन बसतं. नवीन दिसलं की ‘नको’. हे लाडावलेपण नाही. पाय फुटलेलं मूल आता आईच्या नजरेआड जाऊन काहीही तोंडात घालू शकतं, आणि निसर्गात कडू लागणारं पुष्कळ काही विषारी असतं. त्यामुळे अनोळखी, हिरवं, कडसर असलं काही दिसलं की मागे सरकणं हे त्या वयाचं शहाणपणच आहे, असा यामागचा तर्क सांगतात. साधारण दोन ते सहा या वयात हे शिगेला असतं, मग हळूहळू उतरतं. लंडनमधल्या संशोधकांनी २००७ साली आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांच्या पाच हजारांहून जास्त जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या पदार्थाला घाबरण्यातला मुलामुलांमधला जो फरक आहे, त्यातला सुमारे ७८ टक्के अनुवंशिक निघाला. तेव्हा ‘तुम्ही नीट सवय लावली नाहीत’ असं कोणी म्हणालं तर हा आकडा खुशाल तोंडावर फेकावा. फेकताना सासूबाई समोर नाहीत ना तेवढं बघावं, कारण अनुवंशिक म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘कुणाकडून आलं?’ हा असतो!

अनुवंशिक आहे म्हणजे हात टेकायचे असं मात्र नाही. उपाय आहे, आणि तो आपल्याच घरात होता. आपणच तो डायनिंग टेबल घेताना जुन्या पाटांबरोबर माळ्यावर टाकला.

पंगतीतलं पान आठवा. वर मधोमध मीठ. उजवीकडे भाज्या, आमटी. मध्ये भात. आणि डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. डाव्या बाजूची गंमत म्हणजे तिथलं सगळं चिमूटभर. बोटावर मावेल एवढीच चटणी. दोन घास होतील एवढीच कोशिंबीर. पोट भरायला उजवी बाजू आणि भात. डावी बाजू जिभेला जागं करायला. आणि ती प्रत्येकाच्या पानात असायचीच, आवडो न आवडो. वाढपी विचारत बसायचा नाही.

मुलाच्या ताटाला एक डावी बाजू द्या. एवढंच माझं म्हणणं आहे. मध्यभागी त्याच्या ओळखीचं काहीतरी हवंच, वरणभात म्हणा, पोळी म्हणा, म्हणजे उपाशी राहायची भीती नाही, त्याला आणि तुम्हालाही. आणि डावीकडे, आज तुमच्या पानात जी भाजी आहे तिचा एका हरभऱ्याएवढा तुकडा. एक भेंडीची चकती. दोडक्याची एक फोड. उसळीतले चार मूग. त्याच्यासाठी वेगळी पावभाजी नाही, रात्री नऊ वाजता ‘मग तुला डोसा करून देऊ का?’ नाही. घरात एकच स्वयंपाक.

जुन्या पंगतीतला एक नियम मात्र डाव्या बाजूपुरता रद्द: ‘पानात टाकायचं नाही’. अन्नाचा मान वगैरे सगळं कबूल, पण हरभऱ्याएवढ्या भेंडीनं कोणाचं दिवाळं निघत नाही. मुलानं ती बोटानं चिरडली, चाटून परत ठेवली, थुंकली, तरी चालेल. किंबहुना चाटलेली बरी. कारण नुसतं रोज बघून डोळे सरावतात, जिभेला सराव होतो तो जिभेला लागल्यावरच. १९८०च्या दशकात अमेरिकेत लिअन बर्च या संशोधक बाईंनी लहान मुलांवर असे बरेच प्रयोग केले, त्यातून हेच पुढे आलं. जितक्या वेळा चव घेतली तितकी आवड वाढली. पाच वेळा, दहा वेळा, कधी पंधरा वेळा. आपला पेशन्स तिसऱ्या वेळेला संपतो आणि आपण जाहीर करून टाकतो, ‘आमच्याकडे दुधी कोणी खात नाही’. मुलाच्या देखत. झालं, दुधीच्या फाइलवर शिक्का.

लंडनमध्येच दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरी झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही आई-बापांना सांगितलं की मुलाला न आवडणारी एक भाजी निवडा आणि चौदा दिवस रोज तिची फक्त चव द्या. दुसऱ्या गटाला आहाराबद्दल माहिती देणारं पत्रक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. चौदा दिवस चव घेणाऱ्या मुलांची आवडही बाकीच्यांपेक्षा जास्त वाढली आणि खाणंही. पत्रकवाल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे हा लेख नुसता वाचून कोणाचं मूल भेंडी खाणार नाहीये, हे मलाही ठाऊक आहे. चौदा दिवस भेंडीच आणावी लागेल. बरं, सलग चौदा दिवस अख्ख्या घराला भेंडी खायची गरज नाही. रविवारी पाव किलो परतून डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवसांच्या ‘डाव्या बाजू’ सहज निघतात.

आता अवघड भाग. वाढायचं, आणि गप्प बसायचं. एकदा ‘बघ बरं कशी लागते’ म्हणा हवं तर. नंतर विषय बदला. शाळेत कोण रडलं, रिक्षावाले काका काय म्हणाले, आज लिफ्ट बंद होती. काहीही. फक्त भेंडीबद्दल नाही. पेनसिल्व्हानियातल्या एका विद्यापीठात बालवाडीच्या वयाच्या मुलांना काही आठवडे दोन प्रकारची सूप दिली. एका सूपच्या वेळी मोठी माणसं ‘संपव बरं सूप’ असं अधूनमधून म्हणत राहिली, दुसऱ्याच्या वेळी काही बोलली नाहीत. २००६ साली निष्कर्ष छापून आला. ज्या सूपचा आग्रह झाला ते मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. आग्रह करकरून वाढायची आपली एवढी मोठी परंपरा. तिच्यावर हे बोळ्यानं पाणी फिरवण्यासारखं आहे, पण काय करणार!

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची सरळ कामाची वाटणी करून दिली आहे, आणि ऑफिसात रोज ‘हे माझ्या स्कोपमध्ये नाही’ म्हणणाऱ्या आपल्या पिढीला ती पटकन समजेल. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांचं काम. खायचं की नाही आणि किती, हे मुलाचं. दुसऱ्याच्या डिपार्टमेंटमध्ये नाक खुपसायचं नाही. मुलानं ‘मला बिस्किटच हवं’ म्हणून मेन्यू ठरवायचा नाही आणि आपण त्याच्या पोटात किती जागा आहे ते ठरवायचं नाही. यातलं ‘कधी’ फार लोक विसरतात. सहा वाजता दोन बिस्किटं, साडेसहाला अजून दोन, सातला कुरकुरीत काहीतरी, पावणेआठला दूध, आणि साडेआठला जेवत नाही म्हणून चिंता! तीन जेवणं, मध्ये दोनदा खाऊ, एरवी पाणी. संध्याकाळचा खाऊ सहाच्या आत आणि तोही जरा अंगाचा, उकडलेलं रताळं, केळं, एखादं धिरडं. हे पाळणाघरातल्या मावशींशी किंवा आजीशी एकदा बसून बोलायला हवं, आणि बोलताना आवाज खालचाच हवा. दिवसाचे दहा तास त्या सांभाळतात, आपण दीड.

दुधाचं प्रकरण जरा वेगळं काढून सांगते, कारण यात खरोखर काहीतरी पणाला लागलेलं असतं. जेवत नाही म्हणून दूध. दूध प्यायलं म्हणून भूक नाही. भूक नाही म्हणून परत दूध. असं करत काही मुलं दिवसाला लिटरभर दूध पितात, गुटगुटीत दिसतात आणि आतून फिकी पडत जातात. दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शिअम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. हा आकडा नुसत्या गरीब घरांमुळे येत नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध पुष्कळ झालं, त्यातच दही-ताक धरून. बाटली चालू असेल तर ती बंद. आणि दुधात चॉकलेटी पावडर ढवळून ‘हेल्थ’ विकत घेतल्याचं समाधान मिळत असेल तर एवढं लक्षात असू द्या की एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखालून काढायला सांगितलं. आपल्या कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. त्यापेक्षा वरणभातावर लिंबू पिळा. डाळीतलं लोह लिंबामुळे जास्त अंगी लागतं. डावी बाजू इथेही कामाला येते बघा.

लाच द्यावी का, हा प्रश्न मला नेहमी येतो. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या वाक्यात आपण मुलाला दोन गोष्टी शिकवतो. भाजी ही सोसायची गोष्ट, आणि चॉकलेट हे सोसल्याचं बक्षीस. बर्च बाईंच्याच १९८४च्या एका अभ्यासात एक पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर त्यांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. खाण्याची लाच खाण्यासाठी नको. चव घेतल्याबद्दल एखादं स्टिकर चालतं, त्यानं नुकसान होत नाही, उलट मदत होते असं पुढच्या अभ्यासांत दिसलंय. आणि मोबाइल? मोबाइल दाखवून भरवलं की ताट रिकामं होतं, हे खरं. पण तोंड उघडणारं मूल त्या वेळी जेवतच नसतं, ते कार्टून बघत असतं. काय खाल्लं ते त्याला कळत नाही, पोट भरलं तेही कळत नाही. नाइलाजाच्या दिवशी विमानतळावर, तापात, ठीक आहे. रोज मात्र नको. आणि तोच नियम बाबांच्या फोनलाही.

पाळणाघरात दोडका खातं आणि घरी पाहिला की किंचाळतं, असं मूल तुमच्याकडेही असेल. आईच्या हाताला चव नाही म्हणून नव्हे. तिथे शेजारी बसलेला मित्र दोडका खात असतो आणि कोणी कोणाकडे रोखून बघत नसतं, म्हणून. १९८० साली बर्च बाईंनी काही मुलांना अशा टेबलावर बसवलं जिथे बाकीची मुलं त्यांची नावडती भाजी आवडीनं घेत होती. काही दिवसांत तीही तीच भाजी उचलू लागली. याला प्रयोगशाळाच लागते असं नाही. संक्रांतीच्या दिवसांतलं बोरन्हाण बघा. एरवी फळ बघून तोंड फिरवणारी मंडळी जमिनीवर सांडलेली बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे झोंबाझोंबी करून उचलतात आणि तिथेच तोंडात घालतात. तेव्हा शनिवारी सोसायटीतल्या दोन मुलांना जेवायला बोलवा, त्यातलं एक खादाड असेल असं बघा. (त्या हरभऱ्या-शेंगदाण्यांबद्दल एक इशारा: चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. बोराची बी काढून द्या. गाजर किसून किंवा वाफवून. आपल्याकडे दाण्याचं कूट आहे, ते कशातही जातं.)

लपवून द्यावं का? पालकाची प्युरी कणकेत, बीट कटलेटमध्ये, लाल भोपळा घारग्यात. द्यावं, पोटात गेलं तर वाईट काहीच नाही. पण त्यातून मूल पालक खायला शिकत नाही, ते हिरवा पराठा खायला शिकतं. आणि ‘यात काही नाहीये’ असं खोटं सांगून दिलंत आणि एक दिवस पकडले गेलात, तर पालक गेलाच, पराठाही जातो. त्यापेक्षा त्याला पटणारी पायरी शोधावी. बटाट्याच्या काचऱ्या आवडतात ना? मग एक दिवस त्यात रताळ्याच्या चार काचऱ्या, पुढे कच्च्या केळ्याच्या, पुढे सुरणाच्या. गिळगिळीत भेंडी नको म्हणतं ते मूल कुरकुरीत भेंडी कदाचित घेईल. त्याचं भांडण भेंडीशी नसून गिळगिळीतपणाशी असू शकतं. नुसतं ‘नाही आवडत’ ऐकून सोडू नका, काय आवडत नाही ते बघा. वास, रंग, की भाजीचा रस भाताला लागला म्हणून?

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. वजन-उंचीचा आलेख खाली घसरत असेल, खाण्याच्या पदार्थांची यादी वाढायच्या ऐवजी आखडत चालली असेल, घास तोंडात आला की दर वेळी उमासे येत असतील, गिळताना ठसका लागत असेल, किंवा एखादा प्रकारच्या प्रकार, म्हणजे चावायला लागणारं सगळंच, बंद झालं असेल, तर चौदा दिवसांचे प्रयोग करत बसू नका. मुलांच्या डॉक्टरांकडे जा. आठवडाभरात मुलानं काय काय खाल्लं ते लिहून न्या, ‘काहीच खात नाही’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही. हे लिहिताना बऱ्याच जणांना एक गंमत दिसते. एका दिवसाचा कागद भीषण असतो, सात दिवसांचा तेवढा नसतो.

आणि रविवारी मंडईत जाताना त्याला बरोबर न्या. मॉलमधल्या ट्रॉलीत बसवून नाही, मंडईत, गाळ्यासमोर उभं करून. हातात वीस रुपये द्या आणि सांगा, या आठवड्याची एक भाजी तू निवडायची. भाजीवाल्या मावशींशी व्यवहार त्यानं करायचा, पिशवी त्यानं धरायची. घरी आल्यावर धुवायचीही त्यानंच, स्वयंपाकघरभर पाणी होईल तेवढं होऊ द्या. बहुतेक मुलं टोमॅटो किंवा मक्याचं कणीस उचलतात. पण एखादं त्या खडबडीत पाठीवर भाळून नेमकं कारलं उचलेल. आणा कारलं. फक्त मग चौदा दिवस ते तुमच्याही डावीकडे वाढलं जाईल, आणि तोंड वाकडं करायचं नाही!